कॅन्सर झालेल्या मास्तरांनी भारताला फुटबॉलचं गोल्ड जिंकून दिलेलं

४ सप्टेंबर १९६२. जकार्ताचं स्टेडियम खच्चून भरलेलं, लाखभर तरी माणूस असेल, आणि सगळा भारताच्या विरोधात. कारण फुटबॉलचं नव्हतंच. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला एशियन गेम्सला येऊ दिलं नव्हतं. त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला आणि राग निघाला आपल्या पोरांवर.

या पोरांचे कोच होते सय्यद अब्दुल रहीम.

पेशाने हैदराबादचे शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलिसची टीम त्यांनीच घडवली. जुन्या मुंबईकरांना ती चांगलीच माहिती, कारण १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप तिनेच नेला. १९५१ चं एशियन गेम्सचं गोल्ड, १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर, हे पण रहीम साहेबांच्याच हाताखाली.

जकार्ताला गेले तेव्हा त्यांना कॅन्सर होता. फायनल पडली दक्षिण कोरियाशी, ज्यांनी ग्रुपमध्ये आपल्याला २-० ने हरवलेलं. त्यात डिफेंडर जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडलेले. दुसऱ्या कोचने त्याला बाहेर बसवलं असतं. रहीम साहेबांनी त्याला उचलून थेट फॉरवर्डला टाकलं! सेमीफायनललाही आणि फायनललाही. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याच जर्नेलचा. २-१, गोल्ड आपलं.

जून १९६३ मध्ये रहीम साहेब गेले. वय ५३. एशियन गेम्समधलं फुटबॉलचं गोल्ड भारताला त्यानंतर आजवर मिळालेलं नाही.