पत्ते, चिंचोके आणि जॉन व्हॉन न्यूमन

व्हॉन न्यूमन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सीपीयूचा एक चौकोन, मेमरीचा दुसरा चौकोन आणि मध्ये बाण! व्हॉन न्यूमन आर्किटेक्चरची आकृती काढायची, मार्क घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पण हा माणूस पोकरचा प्रचंड शौकीन होता आणि पत्त्यांतली फसवाफसवी त्याने चक्क गणितात बसवली, हे मात्र आपलं टेक्स्टबुक सांगत नाही. होस्टेलमध्ये तीन पत्तीचे एवढे जाणकार असताना त्याची ओळख फक्त दोन चौकोनांवर थांबावी हे मला काही पटेना, म्हणून हा लेख. (मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेत पत्ते म्हणजे पाप! इस्पिक, बदाम, किलवर, चौकट ही नावंसुद्धा मला आजीने शिकवली.)

जॉनचं मूळ नाव यानोश. जन्म २८ डिसेंबर १९०३, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. घर ज्यू, सुखवस्तू, वडील बँकर. सहाव्या वर्षी तो आठ आकडी संख्यांचे भागाकार तोंडी करायचा, असं सांगतात. मुलगा गणितात असामान्य आहे हे वडिलांना दिसत होतं, पण गणितावर पोट कसं भरणार ही त्यांची काळजी. ऐकल्यासारखं वाटतंय ना? शेवटी तडजोड झाली. त्याने झुरिकला केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि त्याच वेळी बुडापेस्टला गणिताची पीएचडी. १९२६ मध्ये दोन्ही पदव्या हातात! म्हणजे आकृतीतला हा माणूस आधी आपल्यातलाच, डिप्लोमाधारी इंजिनिअर होता.

१९२८ मध्ये त्याने खेळांवर एक निबंध छापला. बुद्धिबळात सगळा पट दोघांसमोर उघडा असतो, त्यामुळे तत्त्वतः प्रत्येक वेळी एक बरोबर चाल असतेच. जॉनला रस होता तो पोकरसारख्या खेळात, जिथे समोरच्याचा हात दिसत नाही आणि तो आपल्याला मुद्दाम गंडवतही असतो. त्याने सिद्ध केलं, की दोघांच्या ज्या खेळात एकाचं नुकसान तोच दुसऱ्याचा फायदा असतो, तिथे प्रत्येकाकडे एक अशी पद्धत असते की समोरचा कितीही हुशार असला तरी आपलं नुकसान एका मर्यादेपलीकडे जात नाही. हाच तो मिनिमॅक्स सिद्धांत. अट एकच, कधीकधी मुद्दाम बेभरवशाचं वागावं लागतं. दगड-कागद-कात्रीत सारखा दगडच काढलात तर हरणारच. तिन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात, पण कुठलाही क्रम न ठेवता काढल्या तर तुम्हाला कोणीच पकडू शकत नाही.

आता प्रत्यक्ष पोकरकडे वळू. त्याचा जुना आणि नवशिक्यांना सोपा प्रकार म्हणजे फाइव्ह कार्ड ड्रॉ. प्रत्येकाला पाच पानं उपडी वाटायची, एकदा बोली लावायची, मग नको ती पानं टाकून तेवढीच नवी घ्यायची, पुन्हा बोली आणि शेवटी शो. तीन पत्तीवाल्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला हरवतो, इथे उलटं! कारण निव्वळ मोजणीचं आहे. तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १०९६. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५१०८. जे दुर्मीळ ते मोठं.

पाच पानांचे एकूण हात २५,९८,९६०. त्यातल्या जवळजवळ निम्म्या हातांत साधी जोडीसुद्धा नसते. गुलामांची जोडी किंवा त्याहून चांगला हात पाचातून साधारण एकदा येतो. म्हणून नवशिक्याचा पहिला नियम म्हणजे पॅक करायला शिका. पाच-सहा जण बसले असतील आणि तुमची बोली सुरुवातीलाच असेल, तर गुलामांच्या जोडीपेक्षा कमी हातावर शिरूच नका. छोटी जोडी बघून जीव अडकतो खरा, पण मागून बोलणाऱ्या चौघांपैकी कोणाकडे काय आहे हे तेव्हा माहीत नसतं. तेच तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बोलणार असाल आणि बाकीचे गप्प असतील, तर थोडं धाडस चालतं.

दुसरा नियम पॉटचा. समजा तुमच्याकडे चार बदाम आहेत आणि एक पान बदलायचंय. न पाहिलेली पानं ४७, त्यात बदाम ९, म्हणजे कलर लागायची शक्यता साधारण १९ टक्के, पाचात एकदा. मध्ये ५० चिंचोके पडलेत आणि राहायला १० लागतात, तर सहातून एकदा जिंकलात तरी बरोबरी होते, राहा. मध्ये फक्त ३० असतील तर चारातून एकदा जिंकायला हवं, पॅक करा. सिक्वेन्समधलं मधलंच पान हवं असेल तर लायक पानं चारच, म्हणजे बारात एकदा. ते पान येईल असं मनापासून वाटत असलं तरी गणित बदलत नाही!

तिसरा नियम, समोरचा किती पानं बदलतो ते बघा. तीन बदलली तर बहुधा एक जोडी. एक बदललं तर दोन जोड्या, नाहीतर कलर किंवा सिक्वेन्सची वाट बघणं. तुमचंही सगळे बघताहेत हे विसरू नका. जोडीबरोबर एक्का ठेवून दोनच पानं बदललीत, तर हात सुधारायची शक्यता सुमारे २९ वरून २६ टक्क्यांवर येते, पण तुमच्याकडे तिय्या असल्याचा संशय समोरच्याला येतो. कधीकधी हा सौदा परवडतो.

आता राहिला ब्लफ, आणि इथे आपला जॉन पुन्हा येतो. १९३० मध्ये तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला आणि १९३३ मध्ये, तिशीच्या आतच, तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये प्राध्यापक झाला. आइन्स्टाइनही तिथेच होता. अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेला त्याचा गेम थिअरीवरचा जाडजूड ग्रंथ १९४४ मध्ये निघाला. त्यात पोकरचं एक सोपं रूप घेऊन त्याने दाखवलं, की ब्लफ हा केवळ स्वभावाचा भाग नाही, तो चांगल्या खेळाचा आवश्यक भाग आहे. भारी हातावर मोठी बोली लावा, मधल्या हातावर शांत राहा आणि अगदी पडेल हातावर अधूनमधून मोठी बोली लावा. मधल्या हातावर ब्लफ कशाला? त्याला शोमध्ये जिंकायची थोडी तरी आशा असते.

ब्लफ पकडला गेला तरी तो अगदी वाया जात नाही, हे तर मला फारच आवडलं. जो कधीच थाप मारत नाही, त्याच्या मोठ्या बोलीवर सगळे पॅक करतात आणि भारी हातावरही त्याला चिल्लरच मिळते. पॉटएवढीच बोली लावत असाल, तर गणिताने तीन मोठ्या बोल्यांमागे साधारण एक ब्लफ असावा. तो कधी मारायचा हे मूडवर सोडू नका. घड्याळाचा सेकंदकाटा बघा, पहिल्या वीस सेकंदांत असेल तर मारा. चेहरा वाचणाऱ्याला काही सापडणारच नाही.

एवढं सगळं शोधणारा माणूस स्वतः मात्र पोकरमध्ये साधारणच होता! लॉस अलामोसला त्याचा सहकारी निकोलस मेट्रोपोलिसने त्याच्याकडून दहा डॉलर जिंकले, पाचात त्याचाच ग्रंथ घेतला आणि उरलेले पाच आठवण म्हणून आत चिकटवले, असा किस्सा आहे. सिद्धांत माहीत असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता डोकं ठिकाणावर असणं वेगळं.

पण लॉस अलामोसला तो पत्ते खेळायला गेला नव्हता. तिथे अणुबॉम्ब बनत होता. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ ला पडलेल्या बॉम्बमध्ये स्फोट आतल्या बाजूला दाबण्याची जी युक्ती होती, तिच्या गणितात त्याचा मोठा वाटा होता. बॉम्ब कुठे टाकायचा हे सुचवणाऱ्या समितीतही तो होता. त्याच वर्षी त्याने एडव्हॅक या कॉम्प्युटरवर अहवाल लिहिला. आपली ती आकृती तिथून आली. (अहवालावर नाव त्याचं एकट्याचं राहिलं, एकर्ट आणि मॉचली या इंजिनिअर्सचं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.)

पुढे रशियाशी शीतयुद्ध सुरू झालं, तेव्हा त्यांची तयारी व्हायच्या आत आपणच आधी वार करावा असं त्याचं मत होतं. इथे मात्र मी अडखळते. त्याचा सिद्धांत एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा फायदा असलेल्या खेळांचा होता. अणुयुद्धात दोघंही हरतात. १९५० मध्ये प्रिन्स्टनच्याच जॉन नॅशने त्यापलीकडच्या खेळांचं गणित मांडलं. सुदैवाने तो वार कोणी केला नाही.

१९५५ मध्ये जॉनला कॅन्सर निघाला. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवरच्या हातून पदक घ्यायला तो व्हीलचेअरवर गेला. मृत्यूची त्याला फार भीती वाटे. हॉस्पिटलमध्ये तो मुलीला साध्या बेरजा विचारायला सांगायचा, डोकं अजून चालतंय का ते पाहायला. ८ फेब्रुवारी १९५७ ला, ५३ व्या वर्षी तो गेला. समोर कोणी खेळाडूच नसेल, तर मिनिमॅक्स तरी काय करणार?

तर मंडळी, पत्ते जरूर पिसा, पण पैशांऐवजी चिंचोके लावा. वॉर्डनसाहेबांनाही बरं वाटेल! आणि पत्ते असोत की आणखी काही, बोली लावण्याआधी मध्ये नक्की काय पडलंय ते एकदा बघा. चिंचोके असतील तर खुशाल ब्लफ मारा. दुसऱ्याचं काही असेल, तर पॅक करण्यात कमीपणा नाही.