बाटली न उघडता ओळखणारे रामन

सी. व्ही. रामन म्हटलं की तुम्हाला २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि शाळेतली भाषणं आठवत असतील. पण एअरपोर्टवर बंद बाटलीत पाणी आहे की स्फोटकाचं रसायन, हे झाकण न काढता सांगणारं मशीन त्यांच्याच शोधावर चालतं, हे माहीत होतं का?

तुम्ही एफवायला असता, त्या वयात रामन कलकत्त्यात अर्थखात्याचे अधिकारी झाले होते. साल १९०७. ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते बो बाजार स्ट्रीटवरच्या एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करायचे. दहा वर्षं ही डबल ड्युटी! मग १९१७ मध्ये भरपूर पगाराची नोकरी सोडून कमी पगाराची प्रोफेसरकी घेतली. घरच्यांना हे कसं पटवलं असेल, देव जाणे.

१९२१ च्या बोटप्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना प्रश्न पडला आणि प्रकाश विखुरतो कसा, याचा ध्यासच लागला. १९२८ मध्ये त्यांनी आणि के. एस. कृष्णन यांनी (यांचं नाव आपण फारच कमी घेतो) द्रवावर एकाच रंगाचा प्रकाश सोडला. समोर तोच रंग अडवणारी काच धरली. तरीही अंधुक उजेड दिसला, म्हणजे काही प्रकाशाचा रंग बदलला होता! रेणू थरथरतात आणि प्रकाशाची थोडी ऊर्जा घेतात. प्रत्येक पदार्थाचा हा बदल वेगळा, अगदी बोटांच्या ठशासारखा. १९३० मध्ये नोबेल मिळालं.

अडचण एकच. असा रंग बदलणारा फोटॉन साधारण कोटीत एखादा. १९६० मध्ये लेसर आला, तेव्हा कुठे काम सोपं झालं. रामन १९७० मध्ये गेले.

२००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला आणि हँडबॅगेतल्या द्रवांवर १०० मिलीची मर्यादा आली. ब्रिटनच्या रदरफोर्ड अॅपलटन लॅबमध्ये तेव्हा एक युक्ती तयार होती. लेसर एका ठिकाणी मारायचा, प्रकाश थोडा बाजूला टिपायचा. तिथे आतल्या द्रवाचा ठसा जास्त मिळतो, त्यातून बाटलीचा ठसा वजा करायचा. २०१४ च्या सुमारास ही मशीन्स युरोपातल्या एअरपोर्टवर बसली. पांढऱ्या, अपारदर्शक प्लॅस्टिकमधूनही चालतात. धातूच्या डब्यात मात्र प्रकाश शिरतच नाही, तिथे दुसरी तपासणी करावी लागते.