ठिणगीचे गणित

पहिल्या पावसात माझी जुनी स्कूटर दरवर्षी न चुकता रुसायची. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकची रीत ठरलेली. प्लग काढायचा, वायरच्या टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि मला किक मारायला सांगायचे. निळी, कडक ठिणगी पडली तर दुखणे बहुधा पेट्रोलचे. पिवळट, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर नवा प्लग लावून पाहायचा, वायर चाचपायची, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवायचा, शेवटी कंडेन्सर. त्याच्या फळीवरच्या खोक्यांवर ‘बॉश’ हे नाव मी कितीदा तरी वाचले असेल. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मला फार उशिरा कळले.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म १८६१चा, जर्मनीतल्या उल्मजवळच्या आल्बेक गावचा. बारा भावंडांत ते अकरावे. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात काम करून ते परतले आणि १८८६ मध्ये त्यांनी श्टुटगार्टला छोटे वर्कशॉप थाटले. टेलिफोन, विजेच्या घंटा, मिळेल ते काम. पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. कल्पना बॉश यांची नव्हती. डॉइट्सच्या कारखान्याचे तसे यंत्र आधीच होते. बॉश यांनी ते पाहिले, सुधारून बनवले.

त्या काळी ठिणगी हेच इंजिनाचे मोठे दुखणे होते. काही इंजिनांत बर्नरने लाल केलेली नळी असे. वाऱ्याने बर्नर विझला की गाडी उभी. बॉश यांचा मॅग्नेटो सिलिंडरच्या आत दोन टोके हिसक्याने विलग करून ठिणगी पाडी. संथ इंजिनाला ते ठीक होते. पण १८९७ मध्ये द दियाँ कंपनीची तीनचाकी आली, मिनिटाला १८०० फेरे घेणारी! जड आर्मेचर तेवढ्या वेगाने हलेना. त्सेरिंगर या सहकाऱ्याने आर्मेचर स्थिर ठेवून भोवतीची हलकी नळीच हलवली आणि प्रश्न सुटला. १९०२ मध्ये गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. आता सिलिंडरच्या आत हलणारे काहीच उरले नाही. हे होनोल्ड बॉश यांच्याच हाताखाली उमेदवारी केलेले. माझ्या मते बॉश यांचा मोठेपणा शोधापेक्षा अशी माणसे हेरण्यात आहे. १९०६ मध्ये त्यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला, तोही आपणहून.

पुढचे आयुष्य मात्र मला अस्वस्थ करते. पहिल्या महायुद्धातला नफा त्यांना बोचला. त्यातला मोठा वाटा त्यांनी लोकोपयोगी कामांना दिला. हिटलर त्यांना मान्य नव्हता. अडचणीतल्या ज्यूंना त्यांनी मदत केली, हिटलरविरोधी गोर्डेलर यांना कंपनीत सल्लागार म्हणून आसरा दिला. आणि त्याच कंपनीचे कारखाने युद्धसामग्री बनवत होते, सक्तीने आणलेले मजूर तिथे राबत होते.

१२ मार्च १९४२ रोजी बॉश वारले. त्यांची अंत्ययात्रा नाझी सरकारने सरकारी इतमामाने काढली. गोर्डेलर यांना १९४५च्या फेब्रुवारीत त्याच सरकारने फाशी दिले.