पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर : लोकवर्गणीतून संगीताची शाळा



शाळेत पेटी-तबला घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, पैसे कुठून आणायचे? हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी गायकापुढे होता. त्यांनी तो कसा सोडवला आणि कुठे अडचणीत आले, ते आज पाहू.

बालपण आणि शिक्षण

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी एका उत्सवात तोंडाजवळ फटाका फुटला आणि डोळे जवळजवळ गेले. शाळेचा अभ्यास थांबला. मग मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणं शिकायला ठेवलं. त्यासाठी मिरज संस्थानाचा आधार मिळाला.

गाणं लोकांपर्यंत

त्या काळात गवयाला राजाचा आश्रय लागे. दरबारात कौतुक व्हायचं, पण समाजात मान नव्हता. विष्णुबुवांना हे खटकत होतं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडलं आणि गावोगाव फिरले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर मैफल केली. पैसे देऊन कुणीही येऊन बसावं, ही त्या वेळी नवी गोष्ट होती.

लाहोरची शाळा

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ही शाळा कुणा एका राजाची नव्हती. लोकांच्या देणग्या आणि मैफलींचं उत्पन्न यांवर ती चाले. सुरुवातीला विद्यार्थी येईनात, तरी बुवा हटले नाहीत. हळूहळू लोकांचा विश्वास बसला आणि वर्ग भरू लागले.

त्यांनी ठरावीक अभ्यासक्रम आखला, स्वरलिपी तयार केली, मुलांसाठी क्रमिक पुस्तकं काढली. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे उपदेशक वर्ग. होतकरू मुलांना राहणं-जेवण देऊन शिकवायचं आणि पुढे त्यांनी शिक्षक व्हायचं, अशी ही योजना होती.

कर्जाचा फटका

१९०८ मध्ये मुंबईत शाळा निघाली. ती वाढली, तेव्हा स्वतःची मोठी इमारत हवी म्हणून कर्ज काढलं. हप्ते फेडायला बुवा गावोगाव मैफली करत फिरले, पण कर्ज काही फिटलं नाही. शेवटी इमारत सावकारांच्या हाती गेली. बुवा नाशिकला रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं.

मग उरलं काय?

इमारत गेली, शिक्षक मात्र उरले. पं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर हे सगळे त्यांचेच शिष्य. देवधरांनी मुंबईत आणि विनायकबुवांनी पुण्यात संगीत विद्यालय काढलं. १९३१ मध्येच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या.

आपण काय घ्यायचं?

आपल्या नांदूरघाट परिसरात लोकवर्गणी नवी नाही. हरिनाम सप्ताहाला गाव एकत्र येतं, जमेल तसा हातभार लावतं. पखवाज वाजवणारे, पेटीवर बसणारे, चाली जाणणारे भजनी मंडळात असतातच. आठवड्यातून एक तास त्यांनी शाळेत दिला, तर संगीताचा तास त्याच दिवशी सुरू होईल. वर्गणी जमली तर आधी शिकवणाऱ्याच्या मानधनाचा विचार करा, मग एक चांगली पेटी अन् तबलाजोडी. वेगळी खोली नंतर बघता येईल. जमा-खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि पालकसभेत वाचून दाखवा. हिशोब दिसला की लोक पुढच्या वर्षीही हात आखडत नाहीत.

ऊसतोडीला आई-बाप गेले की काही लेकरं त्यांच्याबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात. फडावरून परत आलेल्या मुलाचं गणित मागे पडलेलं असतं, पण तालावर टाळी त्याला इतरांसारखीच देता येते. त्या तासाला तरी त्याला मागे पडल्यासारखं वाटत नाही. विष्णुबुवांची शाळाही डोळ्यांमुळे सुटली होती, हे विसरू नका.

पुढच्या पालकसभेत हा विषय जरूर घ्या.