सरफोजीराजे आणि संसाराची चित्रे

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्दँ नावाचा चित्रकार स्वयंपाकघरात भाजी सोलणारी बाई रंगवीत होता. त्याच शतकाच्या अखेरीस तंजावरच्या मराठी राज्यातही सामान्यांचा संसार कागदावर उतरू लागला. या काळाचे साक्षीदार म्हणजे सरफोजीराजे भोसले.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु त्याच वर्षी राजे निवर्तले आणि सत्ता अमरसिंहांच्या हाती गेली. बालसरफोजींना कोंडून ठेवण्यात आले, त्यांचे शिक्षणही थांबले. श्वार्ट्‌झ या जर्मन धर्मोपदेशकाने त्यांचा कैवार घेतला. १७९३ मध्ये त्यांना राण्यांसह मद्रासला, म्हणजे अड्यार नदी जेथे समुद्राला मिळते त्या आजच्या चेन्नईस, हलविण्यात आले. १७९८ मध्ये गादी मिळाली खरी. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला आणि त्याचा परिसर.

तंजावरचे मूची चित्रकार तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी चित्रसंच तयार करीत. प्रत्येक चित्रात बहुधा एक जोडपे असे: कुंभार व कुंभारीण, विणकर व त्याची बायको. हातात व्यवसायाची साधने, पायांखाली जमिनीचा पट्टा, मागे मोकळे आकाश. पदराची नेस, दागिने, पागोटे यांचे बारकावे त्यांत नेमके दिसतात. शार्दँप्रमाणे घराच्या आत मात्र हे चित्रकार सहसा शिरत नाहीत. परक्या ग्राहकाला नमुना हवा होता. त्या कुंभाराचे नाव कोणी विचारले नाही.

सरफोजींनी आपल्या चित्रकारांना वेगळेही काम दिले. वनस्पती व प्राणी यांबरोबरच धन्वंतरी महालात उपचार घेणाऱ्या नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांनी काढून घेतली. सोबत आजाराची व उपचारांची नोंद असे. येथे चित्र नमुन्याचे नव्हते, एका विशिष्ट माणसाच्या दुखण्याचे होते. मुदपाकखान्यातील पाककृतीही त्यांनी मराठीत लिहवून घेतल्या. तो ग्रंथ 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने ओळखला जातो. सत्ता गमावलेल्या राजाने रुग्णांच्या आणि चुलीच्या नोंदी इतक्या आस्थेने ठेवाव्यात, हे विरळच!

१८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेस गेले, तेव्हाही वाटेतील तीर्थे आणि घाट चितारले गेले. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. सरफोजींनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही तंजावरात आहे. कुंभार-कुंभारणीची चित्रे मात्र बरीचशी इंग्लंडमधील संग्रहालयांत पोहोचली आहेत.