मरणोन्मुखांची माता : मदर आल्फोन्सा

प्रख्यात अमेरिकन कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न ह्यांची धाकटी कन्या रोझ ह्यांचा जन्म सन १८५१ मध्यें झाला. त्यांचा एकुलता पुत्र ४ वर्षांचा असतांच निवर्तला. १८९१ मध्यें त्यांनीं काथोलिक धर्म स्वीकारला.

त्या काळीं कर्करोग सांसर्गिक आहे असा लोकांचा समज असे. रोग असाध्य ठरला कीं रुग्णालय रोग्यास निरोप देई, आणि गरिबाच्या नशिबीं न्यूयॉर्कजवळील ब्लॅकवेल बेटावरचें निराधारगृह येई. ही दैना ऐकून रोझबाई १८९६ मध्यें, वयाच्या ४५ व्या वर्षीं, शुश्रूषा शिकल्या व त्या शहराच्या दरिद्री वस्तींत बिऱ्हाड करून राहिल्या. रोग हटविणें त्यांच्या हातीं नव्हतें. जखमा धुणें, स्वच्छ अंथरूण घालणें, रोग्यास आप्ताप्रमाणें वागविणें, हें होतें. रोग्याकडून वा त्याच्या नातलगांकडून दमडीही घ्यावयाची नाहीं, हा त्यांचा नेम.

१९०० मध्यें डॉमिनिकन वस्त्र धारण करून त्या मदर आल्फोन्सा झाल्या. पुढील वर्षीं त्यांनीं रोझरी हिल आश्रम उघडला. ९ जुलै १९२६ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली. २०२४ मध्यें ख्रिस्तसभेनें त्यांस पूज्य म्हणून घोषित केलें.

औषध संपलें तरी सेवा संपत नाहीं, हें ह्या चरित्राचें सार होय. आपल्या धर्मग्रामांतील असाध्य रोग्याच्या उशाशीं घटकाभर बसणें आपल्याही हातीं आहे.