कामगारांचे कैवारी बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण कामगारांच्या हक्कासाठी ते किती झटले, हे आम्हाला मुलाबाळांना सांगावंसं वाटतं.

बाबासाहेब परळच्या चाळीत गिरणी कामगारांमध्ये राहिले. विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना गिरणीच्या विणकाम खात्यात घेत नसत, हे त्यांना ठाऊक होतं. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 मध्ये मुंबई सरकारनं संपावर बंधनं घालणारं विधेयक आणलं. काम नाकारायचा हक्क गेला की मजूर गुलाम होतो, असं त्यांनी विधिमंडळात ठणकावलं. कम्युनिस्टांशी मतभेद असूनही त्यांच्यासोबत 7 नोव्हेंबरला संप घडवला. तरी विधेयक मंजूर झालंच; पण बाबासाहेब थांबले नाहीत.

1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. 1926 च्या कायद्यानं युनियनची नोंदणी होई, पण मालक तिला मान्यता द्यायला बांधील नव्हता. ती मान्यता सक्तीची करणारं विधेयक त्यांनी 1943 साली मांडलं. पुढे संघटना करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या 19 व्या कलमात आलं.

आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसं जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं नुसतं ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या उचलीपुढे एकट्याचं काही चालत नाही. म्हणून संघटित होणं हा गुन्हा नाही, आपला हक्क आहे, हे घरोघरी सांगू या. हीच बाबासाहेबांना खरी आदरांजली. जयभीम!